ओठ मिटून हिशोब

आईने तळहातावर दही घातलं, ते चाटून मी बैलगाडीत चढलो आणि गाडी दिंद्रुडाच्या वेशीबाहेर पडायच्या आत झोपी गेलो. अशा वेळी रडायचं असतं हे मला ठाऊक होतं. पण सकाळपासून गल्लीतल्या इतक्या बायका गळ्यात पडून रडून गेल्या होत्या की माझ्या वाट्याला काही उरलंच नव्हतं. जाग आली तेव्हा माजलगाव मागे पडलं होतं आणि आबा गोदावरीच्या गुडघाभर पाण्यातून बैल हाकत होते.

मानवतच्या स्टेशनात हैदराबादची गाडी आली. आबांनी माझी वळकटी डब्यात ढकलली आणि खिडकीपाशी येऊन म्हणाले, "नापास झालास तर घरी ये. म्या हात लावनार न्हाई. पर मदीच सोडून येऊ नगस." वडिलांनी माझ्याशी एका दमात बोललेलं तेवढंच.

गावाकडच्या माणसांनो, तुम्ही आजही पोरांना माझं नाव सांगता. लई हुशार होता म्हणता. म्हणून हे लिहितो आहे. माझ्यासारखे गाव सोडून इकडे आलेले वाचतील तर त्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

हुशार मी होतो, पण पंतोजींच्या शाळेत. तिथे संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर उभं राहून आम्ही झुलत झुलत, घसा फाडून पाढे म्हणायचो. साधे पाढे झाले की पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, म्हणजे पावपटीपासून दीडपटीपर्यंतचे. बाजारात ज्वारीची मापं पडत असली की मला बोलावणं यायचं. मी डोळे मिटायचो, ओठ हलवायचो आणि उत्तर सांगायचो. लोक पाठ थोपटायचे. आबांनी मला निजामाच्या राजधानीत पाठवलं ते या पाढ्यांच्या भरवशावर.

हैदराबादेत सगळं शिक्षण उर्दूत. इतिहास उर्दूत, भूगोल उर्दूत, शिपायाची शिवीही उर्दूत. त्याची मला धास्ती होती, पण भाषा हळूहळू अंगवळणी पडली. मी अडलो ते हिशोबात, जिथे मी अडेन असं आमच्या तालुक्यात कुणालाही वाटलं नसतं. मास्तर गणित घालत, मी तोंडातल्या तोंडात दिडकी म्हणे आणि पाटीवर नुसतं उत्तर लिही. मास्तर पाटी हातात घेऊन बराच वेळ बघत राहत. "जवाब सही है," ते म्हणत, "मगर आया कहाँ से?" त्यांना पायरी पायरीने केलेली रीत हवी होती. माझं उत्तर तोंडातून येत होतं, आणि ते कुठून येतं हे मला मराठीतही सांगता आलं नसतं. मी कुणाचं तरी बघून लिहितो असं वर्गात ठरून गेलं.

मॅट्रिकच्या इम्तिहानात माझे ओठ हलले. थोडा आवाजही निघाला असेल. ओट्यावर इतकी वर्षं ओरडून म्हटलेलं, ते एकदम मुकं कसं होणार? देखरेख करणाऱ्यांनी एकदा दटावलं, दुसऱ्यांदा मी शेजाऱ्याला उत्तरं सांगतोय म्हणून पर्चा काढून घेतला. मी पाढे म्हणत होतो, असं सांगितलं तर ते हसले. पुढच्या वर्षी मी ओठ घट्ट मिटून बसलो. तेव्हा कळलं की ओठ मिटले की आकडेच येत नाहीत. कोरा कागद समोर ठेवून मी वेळ संपेपर्यंत बसलो आणि पुन्हा नापास झालो.

आपण बुद्धू आहोत हे मी तेव्हा मान्य करून टाकलं. त्याचं दुःखही झालं नाही. एका अंगावर फार वेळ बसलं की पाय बधिर होतो, तसा मी सगळाच्या सगळा झालो होतो. जेवायचो, वर्गात जायचो, यायचो. एकच गोष्ट मनात जागी होती: मला घरी जायचं होतं. नापास होऊन यायला आबांची मुभा होती, पण पाठ थोपटणाऱ्या त्या बाजारातून मान खाली घालून जायला मी तयार नव्हतो. पास व्हायचं आणि घरी जायचं, कायमचं.

माझ्या खोलीत धारूरचा करीम होता. त्याचे वडील बालाघाटातली सीताफळं विकायचे. तो एक दिवस वैतागून म्हणाला, "अबे, जवाब तुला येतोय ना? मंग जवाबापासून मागं चल की. रोज एकच हिसाब कर. कळला तर कळला, न्हाईतर उद्या दुसरा."

मग रोज दुपारी मी मुसी नदीच्या काठावर जाऊन मोठ्याने पाढे म्हणायचो. धोबी हात थांबवून बघायचे. उत्तर आलं की ते कागदाच्या तळाशी लिहायचं आणि तिथून वर वर पायऱ्या शोधत जायचं. कित्येक दिवस जुळायचं नाही. तरी दुसऱ्या दुपारी मी पुन्हा काठावर असायचो. याला तुम्ही जिद्द म्हणता. मला तसं काही जाणवत नव्हतं. आशा नव्हती, उमेद नव्हती, मध्येच सोडायचं नाही एवढं माहीत होतं. हळूहळू आवाज लहान झाला, मग नुसते ओठ राहिले, आणि एका दुपारी पूर्ण गणित सुटल्यावर लक्षात आलं की ओठ हललेच नव्हते.

तिसऱ्या खेपेचा नतीजा करीमने बघितला. "पास झालास बे!" म्हणत त्याने मला उचललं. मी त्याला विचारलं, जेवण झालं का तुझं?

घरी गेलो. बाजारात लोकांनी पाठ थोपटली, आईने मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर जाऊन मोटेच्या बैलांचा कासरा धरला. आबांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. "ह्ये आता तुजं काम न्हाई," ते म्हणाले. "तिकडं नोकरी लागंल. हितं राहून शिकलेलं वाया घालू नगस." ते खुशीत होते. इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. नापास झालेल्या पोराला त्यांनी घर उघडं ठेवलं होतं. पास झालेल्याचा विचार त्यांनी वेगळा केला होता, आणि तो मला इतक्या वर्षांत सुचलाच नव्हता. मला तिथेच ओरडून सांगावंसं वाटलं की मी हे सगळं परत येण्यासाठी केलं. मी फक्त बरं म्हणालो.

आता मी इथे हैदराबादेत एका दफ्तरात हिशोबनीस आहे, रीतसर पायऱ्या लिहितो. मुलं इथलीच झाली, उर्दूत भांडतात. घर कुठलं असं कुणी विचारलं तर मी अजून दिंद्रुडच सांगतो. वर्षातून एकदा जातो. सगळे ज्वारीची भाकरी खातात आणि माझ्यासाठी तेवढी गव्हाची पोळी होते, पाहुण्याला करतात तशी. गेल्या हिवाळ्यात मी धाकट्या भावाच्या ताटातली भाकरी उचलून घेतली. सगळे हसले, आणि आईने माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली.