घरचाच माणूस

मुलीला शाळेत न्यायला व्हॅन लावली, तेव्हा मी ड्रायव्हरकडे पोलीस व्हेरिफिकेशन मागितलं. कागदावरचा फोटो, पत्ता लायसन्सशी ताडून पाहिला. बायको हसली. "इतकं काहून तपासून राहिले? जावई करता का त्याले?"

नवा रायपूरच्या ऑफिसला मी लवकर निघतो. व्हॅन नंतर येते. बायको तिसऱ्या मजल्यावरून हात हलवते. तिथून व्हॅनचं नुसतं छत दिसतं. शनिवारी मला सुटी, शाळेला नाही. तेव्हा मी खाली उतरत असे. चेहरा दर वेळी फोटोतलाच. माझं समाधान होतं.

मागच्या महिन्यात एका बुधवारी ताप होता म्हणून घरी थांबलो. हॉर्न वाजला, मुलीला घेऊन उतरलो. स्टिअरिंगवर भलताच माणूस.

"आप कौन?"

"साला हूँ उनका. जीजा तो ऑफिस की गाड़ी चलाते हैं. शनिच्चर को छुट्टी रहती है, तो इधर आ जाते हैं."

"आपका वेरिफिकेशन?"

"जीजा का हुआ है न, भैया. घर का ही आदमी हूँ."

तो हे अगदी सरळपणे बोलला. मुलगी हात ओढत होती. "चलो न बाबा, ये तो रोज़ वाले भैया हैं."

"आज नहीं जाएगी," एवढंच माझ्या तोंडून निघालं. आत सहा मुलं बसली होती. व्हॅन निघून गेली.

वर आल्यावर बायकोने सगळं ऐकलं आणि मुलीला स्वयंपाकघरात नेलं. मी दाराबाहेर उभा राहिलो. मुलीच्या मनात भीती न घालता हे कसं विचारायचं, मला कळत नव्हतं.

"कुठं बसवते तो तुले?"

"सामने. अपने पास."

पुढे बायकोचा आवाज इतका खाली गेला की काही ऐकू येईना. ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "काही नाही म्हणते," ती म्हणाली. "पण मी नीट विचारलं का, तेच मले समजून नाही राहिलं."

मी शेजारच्या इमारतीतल्या एका आईला फोन लावला. तिची मुलगी त्या सहांत होती. झालेलं सांगितलं. ती म्हणाली, "भाईसाहब, आपने तो कागज़ देखा था न? हमने तो आपके भरोसे लगाई थी."

मी घड्याळाकडे पाहिलं. व्हॅन अजून शाळेत पोचायची होती.