रंजीच्या साखरपुड्यातलं चायनीज

चहाचा कप आधी खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल. सख्ख्या बहिणीची सोयरीक भर मांडवात मोडायला निघालेला भाऊ कधी पाहिलाय? मग बघून घ्या, हा बसलाय तुमच्यासमोर!

दोन हजारनंतरची ती वर्षं. भिवंडीत चायनीजची नुसती साथ आली होती! पॉवरलूमची शिफ्ट सुटली की नाक्यावरच्या लाल गाडीभोवती ही गर्दी. तसा चीनचा संबंध गाडीवर रंगवलेल्या ड्रॅगनपुरताच. कोबी आपला, आलं-लसूण आपलं, मिरची तर आपलीच! पण तो भडकलेला जाळ, कढईवर पळीची ती टणटण, आणि प्लेट हातात पडली की उभ्या-उभ्या फुंकर मारत पहिला घास... अहाहा! मी पार खुळावलो होतो. आमच्या पूर्णा गावाहून रोज संध्याकाळी बाइकला किक मारायची ती थेट गाडीपाशी.

अशात आमच्या रंजीची, धाकट्या बहिणीची, अंबाडीकडे सोयरीक जमली.

"बाबा, साखरपुड्याला चायनीज!" मी जाहीर केलं.

"वरन-भात वाढ गपचूप. नाक्यावरची थेरं मांडवात नकोत."

"बाबा, जमाना कुठं चाललाय! पाव्हणे नाव काढतील!"

गाडीवरच्या आचाऱ्याला, म्हणजे मास्टरला, गाडीसकट टेम्पोत घालून आणलं. मांडवामागं कढई पेटली आणि माझ्या अंगात संचारलं! पंगत बसली. पहिलं पान मानाचं, तात्यांचं. तात्या म्हणजे नवरदेवाचे वडील, मिशा या एवढ्या! मी धावत जाऊन त्यांच्या पानात वाफाळत्या नूडल्स वाढल्या.

"घ्या ना तात्या, गरम हाय!"

"घेतो, घेतो."

घेतो म्हणाले, पण हात काही हलेना. मी मागं पळालो. "मास्टर, जल्दी!"

"भाई, एक टाइम में चार ही प्लेट निकलेगी. गाडी है, भट्टी थोडी है!"

चार पानं वाढून परत येतो, तर तात्या तसेच. नूडल्सची वाफ गेली. मी मंचुरियन वाढलं. तात्यांनी हात फिरवला तो मिशीवरून! व्याही रुसला! मानपानात काय राहिलं? पळत जाऊन टॉवेल-टोपी आणली आणि त्यांना घातली. मघाशीच बाबांनी एक घातली होती, म्हणजे आता टोपीवर टोपी.

"अरे, हे कशाला?"

"तात्या, आमचं काय चुकलं?"

"काय न्हाय रं. जरा दम धर."

दम धर! ऐकलंत? माणूस असं कधी म्हणतो? आतून उकळत असतो तेव्हा! आणि माझ्या डोक्यात चक्र फिरलं. यांना कळलंय! कुणीतरी चुगली केली!

मी तिथंच त्यांचे पाय धरले. "तात्या, माफ करा! रंजीला बघायला आलात तेव्हा भाकऱ्यांचं एवढं कौतुक केलंत ना? त्या तिनं न्हाय, मी थापल्या होत्या! तिच्या भाकरीचे तव्यावर जाईस्तोवर तुकडे होतात. पण पोरगी गुणाची हाय, सोयरीक मोडू नका!"

मागं कढईची टणटण चालूच.

"अन् हे मला आता का सांगतोस?" तात्यांनी विचारलं.

"तुम्ही जेवत न्हाय म्हणून!"

"अरे येड्या! शेवटचं पान वाढून झालं न्हाय अजून! त्याआधी घास कसा उचलू?"

गाडीवर उभ्यानं खाऊन खाऊन मी पंगतीची रीतच विसरलो होतो हो! जन्मभर पाहिलेली रीत!

तोवर बायकांच्या बाजूनं विहीणबाई कडाडल्या, "म्हंजे पोरीला भाकर येत न्हाय? आमाला फसवलं?"

बाबांनी कपाळाला हात लावला. रंजी रडवेली होऊन म्हणाली, "दादा, तुझं तोंड हाय का लूम? बंदच होत न्हाय!"

तात्यांनी हात वर केला. "थांबा. भाकर काय, पोरगी शिकंल. पण या घरात खरं बोलतात का ते बघू. परात आणा! तशीच भाकर निघाली तर सोयरीक पक्की. न्हायतर आम्ही चाललो!"

नव्या शर्टाच्या बाह्या सारून मी चुलीपुढं बसलो. बहिणीचं लग्न माझ्या तळहातावर होतं, अक्षरशः! थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. फुग ग बाई, फुग!

आणि फुगली! टम्म!

मास्टरनंही एकदाचं शेवटचं पान वाढलं होतं. तात्यांनी भाकरीचा तुकडा मंचुरियनच्या रश्श्यात बुडवला, तोंडात घातला आणि डोळे मिटले. मी असतील नसतील तेवढे देव आठवले.

"हीच! हीच ती भाकर! अन् रस्सा काय झालाय रं! ए मास्टर, इकडं वाढ!"

मग काय, पंगत तुटून पडली! गार नूडल्सकडं कुणी बघेना, सगळ्यांना भाकर-मंचुरियन हवं. साखरपुडा तिकडं झाला, मी इकडं चुलीपुढं घामानं निथळत थापतोय. अंगठी घातलेली मी पाहिलीच नाही!

रंजी सुखात आहे. चायनीजच्या गाड्या तर आता गावोगाव झाल्यात. वाट लागली ती माझी. वर्षभरानं मी वडप्याला मुलगी बघायला गेलो. केस नीट केले, कॉलर सरळ केली. मुलगी आली आणि ऐटीत खुर्चीवर बसली. मागोमाग तिच्या बापानं पिठाची परात आणली आणि ठेवली माझ्यापुढं!

"लय ऐकलंय तुमच्याबद्दल. घ्या, थापा. पोरीला पसंत पडली तर पुढचं बोलू."