गुरुवारची दाढ

परदेशातून दंतवैद्यकीची मुलं आमच्या दवाखान्यात 'अनुभव' घ्यायला यायची, आणि मला ती पहिल्या मिनिटापासून नकोशी व्हायची. प्रत्येकाच्या अंगात गडद निळा सदरा, छातीवर भरतकामात नाव, पाठीला हे एवढं दप्तर आणि त्याला लटकवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या. एग्मोर स्टेशनच्या मागच्या गल्लीत यायला एवढी तयारी कशाला लागते, हे मला कधी कळलं नाही. आल्या आल्या पहिला प्रश्न, वॉशरूम कुठे आहे. दुसरा, फोटो काढले तर चालतील का. पेशंटला काय होतंय, हा प्रश्न तिसरासुद्धा कधी आला नाही.

दवाखाना एका धर्मादाय ट्रस्टचा. दोन खुर्च्या, त्यांतली एक वर जाते पण खाली येत नाही. डॉक्टर मी एकटीच. माझे वडील इथल्या आवडी नावाच्या उपनगरातल्या संरक्षण कारखान्यात बदलून आले आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले, त्यामुळे मी घरात पुण्याचं मराठी बोलत आणि दारात तमिळ बोलत वाढले, शिकले इथेच, लग्न करून वेलचेरीला गेले. पेशंटला रागवायचं असलं की मला अजूनही तमिळच सुचतं.

ही मुलं पाठवणारी एक कंपनी होती. ती तिकडे गार हवेत बसून उंटावरून शेळ्या हाकायची. तिच्या माहितीपत्रकावर आ वासून हसणाऱ्या एका काळ्यासावळ्या पोराचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं की गरजूंची सेवा करा, हातांना सराव मिळवा, शनिवार-रविवारी महाबलीपुरम पाहा. हे सगळं एकाच वाक्यात. लिहिणाऱ्याला मध्ये श्वास घ्यावा असंही वाटलं नव्हतं.

कागदावर या मुलांनी नुसतं बघायचं होतं. पण नुसतं बघायला कोणी समुद्र ओलांडून येत नाही, हे आमचे सेक्रेटरी पक्कं ओळखून होते. बँकेतून निवृत्त झालेले, जुन्या तंजावरी मराठी घराण्यातले. सगळे त्यांना नुसतं राव म्हणायचे. एकदा ते मला म्हणाले, "डॉक्टरबाई, इतके दूरून येतात, त्यांस काही हातीं लागू नये काय? एक दोन दाढ ठेवून सोडा की. परवाइल्लै, काही बिघडत नाही, पेशंटास काय कळतं?" मुलं जाताना ट्रस्टला हातमोजे, इंजेक्शनं, एकदा तर एक्स-रेचं यंत्र देऊन जायची. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच. आयजी म्हणजे आमचे पेशंट.

पण रावांनी नुसतं सुचवलं. पद्धत बसवली ती मी. मुलांच्या वहीत रकाने असायचे: वरची दाढ, खालची दाढ, कीड भरणे, दात साफ करणे. खालची दाढ काढणं अवघड, म्हणून तो रकाना भरला की मुलांची कॉलर ताठ व्हायची. मी गुरुवार हा त्यांचा वार ठरवला. सोमवारपासून जो कोणी खालची दाढ काढायला येईल त्याला गोळ्या द्यायच्या आणि सांगायचं, गुरुवारी या. केसपेपरवर लाल गोल काढायचा. दवाखान्यात अशा दाढेला 'फॉरिन दाढ' म्हणत. तीन दिवसांनी काय बिघडतं, असं मी स्वतःला सांगायचे, आणि बहुतेक वेळा खरंच काही बिघडायचं नाही. म्हणून तर ती पद्धत इतकी वर्षं टिकली.

लाल गोल काढायचं काम अक्काचं. अक्का पुदुपेटला राहायची. ती आमच्याकडे हत्यारं धुवायची, उकळायची, ट्रे मांडायची; पन्नाशीची बाई, शुगरची पेशंट, आणि हत्यारांची नावं इंग्रजीत तोंडपाठ. परदेशी मुलांचं तिला भारी कौतुक. ती त्यांना स्वतःच्या घरचे मुरुक्कु, म्हणजे आपल्या चकल्या, आणून द्यायची, आणि ती मुलं एकेक तुकडा तोडून बाकीचे रुमालात गुंडाळून ठेवायची. ते रुमाल संध्याकाळी कचऱ्याच्या टोपलीत मिळायचे. अक्काने टोपली उचलताना ते पाहिले नसतील असं मला वाटत नाही, पण पुढच्या तुकडीलाही ती मुरुक्कु आणायची.

एका वर्षी तीन मुली आल्या. त्यांतली एक उंच, हत्तींच्या नक्षीची विजार घालणारी. दुसऱ्याच दिवशी एक पोरगं खुर्चीत किंचाळलं, तर त्याच्याआधी हिच्या डोळ्यांत पाणी. असल्यांना अनुभव कशाला हवा, घरी बसून रडावं, असं मी मनात म्हणाले. तिच्यावर माझा सगळ्यात जास्त राग होता.

सोमवारी अक्का ट्रे मांडता मांडता थांबली आणि गालावर हात धरून म्हणाली, "डॉक्टरम्मा, कालपासून फार ठणकतंय." मी पाहिलं. खालची शेवटची दाढ, पोखरलेली, मुळाशी पू. मी दहा मिनिटांत काढली असती. पण तीन मुली येऊन आठवडा झाला, तरी खालची दाढ एकही नाही, असं झालं होतं. अक्काला शुगर आहे हे मला माहीत होतं. तरी मी म्हणाले, "गोळ्या घे. गुरुवारी काढू." ती लगेच मान डोलावून म्हणाली, "सरी, डॉक्टरम्मा," आणि स्वतःचाच केसपेपर काढून त्याच्यावर स्वतःच लाल गोल काढला. वर हसलीसुद्धा.

मंगळवारी ती जेवली नाही. बुधवारी आलीच नाही. मी फोन केला नाही, कारण गुरुवार दुसऱ्याच दिवशी होता.

गुरुवारी ती आली तेव्हा तिचा जबडा कानापासून हनुवटीपर्यंत सुजला होता आणि सूज गळ्याकडे उतरायला लागली होती. तोंड एका बोटाएवढं उघडत होतं. तरी ती न सांगता खुर्चीत जाऊन बसली. पाळी त्या उंच मुलीची होती. ती पुढे झाली, अक्काच्या गळ्याला दोन बोटं लावली आणि हात मागे घेतला.

"मी हिला हात लावणार नाही," ती मला इंग्रजीत म्हणाली. "हिला आत्ता हॉस्पिटलात न्यायला हवं. हे किती दिवसांपासून आहे?"

मी उत्तराची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात अक्काच मोठ्या अभिमानाने, दात मिटलेलेच ठेवून म्हणाली, "मंडे, मिस. वेटिंग. फॉर यू. ओन्ली फॉर यू."

ती मुलगी अक्काकडे बघत राहिली, मग केसपेपरवरच्या लाल गोलाकडे, मग माझ्याकडे. तिच्या डोळ्यांत या वेळी पाण्याचा थेंब नव्हता. मला तेव्हा वाटलं, ही रडली असती तर बरं झालं असतं.

आम्ही ऑटो केली. ती मुलगी आमच्याबरोबर चढली. मी नको म्हटलं तरी ती उतरली नाही. सरकारी हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टरने अक्काला तपासलं आणि धावपळ सुरू केली. जबड्याखाली चीर देऊन पू काढायचा, श्वास अडला तर गळ्यातून नळी. संमतीच्या कागदावर अक्काचा अंगठा घेता घेता त्याने मला तमिळमध्ये विचारलं, "शुगरच्या पेशंटला एवढे दिवस थांबायला कुठल्या गाढवाने सांगितलं? कुणा भोंदूकडे गेली होती का?"

माझा ॲप्रन पिशवीत घडी करून ठेवलेला होता. मी म्हणाले, "माहीत नाही."

अक्का स्ट्रेचरवर पडल्या पडल्या माझ्याकडे बघत होती. तिने सगळं ऐकलं होतं. त्या मुलीला तमिळ येत नव्हतं, एवढंच काय ते माझं नशीब. आयुष्यभर मी माहितीपत्रकांना, भरतकामाच्या सदऱ्यांना, रावांना नावं ठेवत आले, आणि हॉस्पिटलच्या त्या गर्दीत सगळ्यात हलकी मीच निघाले.

अक्का वाचली. त्या मुलीने आपल्या वहीत खालच्या दाढेच्या रकान्यात लिहिलं: काढली नाही, पेशंटला विद्यार्थ्यांसाठी तीन दिवस थांबवण्यात आलं, गंभीर अवस्थेत हॉस्पिटलात पाठवलं. खाली माझ्या सहीची जागा. राव म्हणाले, "एक पान बदलून टाका म्हणावं, बाई. त्यात काय?" मी तिला नुसतं 'हॉस्पिटलात पाठवलं' एवढंच ठेव म्हणून पाहिलं. तिने पेन पुढे धरलं. मी सही केली, पण आधी विनवणी केली होती, हे मी विसरत नाही. ती गेल्यावर त्या कंपनीचं पत्र आलं की आता दुसऱ्या शहरात दवाखाना शोधला आहे. दुसऱ्या शहरातही खालच्या दाढा असतातच.

रावांनी मग नवी कंपनी शोधून आणली. तिचं माहितीपत्रक अधिक गुळगुळीत होतं.

अक्का महिन्याभराने कामावर आली. जबड्याखाली बोटभर लांब व्रण, आणि त्याच्यावर पावडर लावलेली. त्याच सोमवारी एक रिक्षावाला खालची दाढ धरून आला. नव्या कंपनीची मुलं बुधवारी यायची होती. अक्का त्याचा केसपेपर आणि लाल पेन घेऊन माझ्याशेजारी उभी राहिली. मी म्हणाले, "पेन ठेव. आत्ताच काढायची." तिने ट्रे मांडला, फोर्सेप्स, कापूस, भूल, सगळं बरोब्बर.

मी इंजेक्शन भरत असताना ती हळूच म्हणाली, "डॉक्टरम्मा, त्या दिवशी मोठ्या हॉस्पिटलात तुम्ही माहीत नाही म्हणालात, ते बरं केलंत. नाव सांगितलं असतं तर दवाखाना बंद पडला असता. मग मी कुठे गेले असते?"

रिक्षावाला तोंड उघडून वाट बघत होता. मी तिच्या व्रणावरून नजर काढली आणि त्याला भूल दिली.