वास घेणाऱ्या मावशी

बरणीचं झाकण काढलं की मावशी नाक खाली नेत नसत. तळहाताने वारा घालून वास आपल्याकडे ओढून घ्यायच्या, डोळे मिटायच्या आणि एका शब्दात निकाल द्यायच्या. "हाय," म्हणजे खा. "गेलं," म्हणजे टाका.

आगरदांड्याच्या आमच्या आळीत पावसाळ्याची बेगमी घरोघरी होते. सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी, सुका जवळा, मिठातल्या कैऱ्या, कोळंबीचं लोणचं. घरात फ्रिज आले, पण वीज काही टिकेना. त्यामुळे मावशींच्या ओट्यावरची बरण्यांची ये-जा थांबली नाही. मावशींचं आयुष्य अंगणवाडीत मदतनीस म्हणून गेलेलं. मुलगा पनवेलला, घरात त्या एकट्या. अशी एखादी बाई तुमच्याही शेजारी असेल, जिच्या शब्दावर आळी जेवते.

माझ्या सासूबाईंनी एकदा वर्षाचे सोडे कडकडीत वाळवून डब्यात भरले. मावशींनी डबा उघडला. "गेलं."

"अहो, रंग तरी बघा!" सासूबाई चिडल्या.

"रंगाला काय विचारायचं, वयनी?"

सासूबाईंनी रागाने डबा उपडा केला. तळाला बुरशी होती.

गेल्या उन्हाळ्यात मावशी तापातून उठल्या आणि निकाल लांबायला लागला. "ठेवून जा. सकाळी सांगते." वय झालं, असं म्हणून आम्ही बरण्या ठेवून येत राहिलो.

एका दुपारी शाळेत शिकवून परतताना त्यांच्या दारातच करपल्याचा वास आला. आत चुलीवर दूध जळून काळं झालेलं आणि मावशी शेजारीच बसलेल्या, शांत. हातात वाटी होती. वाटीत आळीतल्याच कुणाच्या तरी खारवलेल्या कैरीची फोड.

"मावशी, दूध!"

त्या दचकल्या. मग भांडं खाली उतरवलं.

"वास गेला, बाई. तापात गेला तो आलाच न्हाय."

"मग या बरण्या?"

"खाऊन बघते. सकाळपातूर मला काय झालं न्हाय, म्हंजे चांगलं."

"मी आजच सगळ्यांना सांगते."

"नको. बरण्या घेऊन येतात म्हनून कुनीतरी दारात येतं."

मी कुणाला सांगितलं नाही. फक्त माझ्या घरची बरणी त्यांच्याकडे जाणं बंद केलं. एवढंच केलं.

जुलैमध्ये एका दुपारी समोरच्या वहिनींनी कोळंबीचं लोणचं आणून ठेवलं. त्यांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला येणार होती आणि तिला तेच खावंसं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मावशींना हाक मारली. त्या दाराशी आल्या, चौकट धरून. एक पापणी अर्धी मिटलेली.

"बाई, तुम्ही दोन दिसताय."

जीभ जड झाली होती. मी गाडी बोलावली, त्यांना आत बसवलं. तेवढ्यात वहिनी धावत आल्या. मुलगी दुपारी पोचणार होती.

"मावशींना काय झालं? आणि माझी बरणी?"

मी तोंड उघडण्याआधी मावशीच बोलल्या, एकेक अक्षर ओढत. "टाक ते. पुरून टाक."

"वास येतोय का?"

"व्हय."

वहिनींनी कपाळाला हात लावला. "बरं झालं विचारलं," त्या म्हणाल्या आणि खड्डा खणायला फावडं शोधत परसात गेल्या.

अलिबागच्या दवाखान्यात पोचेपर्यंत मावशींना गिळता येईना. मी डॉक्टरांना सगळं सांगितलं, कोळंबीचं लोणचं, कालची दुपार.

"लोणचं कुणाच्या घरचं?" त्यांनी विचारलं. "त्यांनाही कळवायला हवं."

मी वहिनींचं नाव घेणार, एवढ्यात मावशींनी माझं मनगट धरलं.

"माझ्याच," त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. तिसऱ्या दिवशी श्वास थांबला. मुलगा पनवेलहून आला होता. त्याने दवाखान्याच्या खिडकीपाशी मला विचारलं, "आई तर लोणचं कधी घालत नव्हती. हे कुठून आलं?"

खाली रस्त्यावर वहिनी त्यांच्या लेकीला घेऊन रिक्षातून उतरत होत्या. मावशींना भेटायला.