चुन्याची गाडी

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. आमच्या चुन्याच्या भट्टीवर जायच्या आदी त्या अंगाला करडईचं तेल असं चोपडायच्या, की लांबनं बघावं तर काळी समईच चालत आल्यागत. घामाच्या अंगाला चुना चावतो. मला बी धरून चोपडायच्या, पार नाकाच्या शेंड्यापतोर. मी नवी नवरी. मला वाटायचं, सासू लाड करती.

माळावरची चुनखडी येचायची, भट्टीत भाजायची, आन भाजलेली ढेकळं नव्या साखर कारखान्याला घालायची. उसाचा रस निवळायला तितं चुना लागायचा. आत्याबाई बोलायच्या कमी. एखादी बाई कामात चुकली, तर एवढंच म्हणायच्या, "उद्यापास्नं येऊ नगंस." मला त्याचीच धास्ती. म्हायेरी आई न्हाय, आन भावजयीनं पाठवणीलाच बजावल्यालं, परत तोंड दावू नगं म्हणून.

एका उन्हाळ्यात माझे मालक तापानं पडले. मग चुन्याची गाडी आमी दोघींनीच जुपली. नीरेच्या काठाला आलो, आन गाडी पल्याड न्यायला उतार कुठं हाय ते इचारायला आत्याबाई वस्तीवर गेल्या. मला म्हणाल्या, हितंच थांब. पर उन्हानं चाकं वाळून लोखंडी धावा खळाखळा वाजत व्हत्या. आमच्या म्हायेरी असं झालं की गाडी पान्यात उभी करत्यात, लाकूड फुगून धाव घट्ट बसती. म्हटलं, आत्याबाई यायच्या आत चाकं घट्ट करून ठेवावी. एवढी मी शानी. गाडी बुडापतोर पान्यात घातली, आन कमरंवर हात ठेवून शाबासकीची वाट बघत उभी ऱ्हायले.

चाकांच्या आदी चुनाच फुगला. वाफ आली, तर मला वाटलं बैलं घामाजली. मग गाडीखालचं पानी उकळाया लागलं, वरच्या पोत्यांनी पेट घेतला. आत्याबाई लुगडं खोचून पळत आल्या. त्यांनी आदी बैलं सोडली, मग मला दंडाला धरून काठावर वढलं, आन चुना गेलाय का म्हणून माझं डोळं उघडून बघितलं. गाडी आमच्यासमोर जळत व्हती.

मी पाय धरलं. "आत्याबाई, मला म्हायेरी धाडू नका."

त्यांनी पदरानं माझ्या तोंडावरचा चुना पुसला. मग म्हणाल्या, "धाडायला गाडी कुठं ऱ्हायली?"

पुढच्या खेपंला दुसऱ्याची गाडी मागून आणली, आन कासरा त्यांनी माझ्याच हातात दिला. त्या गेल्या तवर मी बी म्हातारी झाल्ते. म्हायेरची वाट कुठनं फुटती, ते आता इचारलं तर मला सांगता यायचं न्हाय.