भागाबाईच्या नावाची जागा

अभिमन पेंटरने धुळ्यातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. पाटीवर चित्र, नक्षी, कडा आधी. नावाची पट्टी कोरी. मालक मुहूर्त काढणार, भागीदाराशी भांडणार, मग नाव ठरणार. गावातल्या सगळ्याच पेंटरांची ही रीत. १९८८ साली याच रीतीने त्याचा घात केला.

त्याने पाटावर मांडायचा एक खेळ रंगवला होता. सातपुड्याच्या पायथ्याहून निघालेला केळीचा घड पिकायच्या आत रेल्वेच्या वॅगनीत पोचवायचा. वाटेत वीज जाते, नदीला पूर येतो, दलाल अडवतो. खेळ मुळात त्याच्या आत्याचा, फैजपूरच्या भागाबाईचा. डोक्यावरून घड वाहणारी ही बाई दुपारच्या सुट्टीत कोळशाने फरशीवर घरं आखायची आणि चिंचोके टाकून डाव मांडायची. अभिमनने घरं वाढवली, चित्रं काढली. नाव ठेवलं 'भागाबाईची वाट'. खेळ छापून निघाला की डब्यावर तुझं नाव येणार, असं आत्याला सांगूनही आला.

जळगावच्या मोतीलालशेठने खेळ छापायला घेतला. अभिमनने नाव तोंडी सांगितलं, शेठने मान डोलावली. डब्याचं चित्र दिलं ते हाताच्या सवयीने, वरची पट्टी कोरी ठेवून. डबे बाजारात आले 'बनाना किंग' नावाने, वर मिशीवाला राजा.

खेळ मात्र चालला. निंबा टेलरच्या ओट्यावर रोज डाव पडे. हीच मंडळी आधी अभिमनच्या हाती रंगवलेल्या पाटावर खेळली होती, त्यामुळे जुनं नाव सगळ्यांना ठाऊक. ते का बदललं, यावर डावापेक्षा जास्त चर्चा.

"शेठनी सासूनं नाव भागाबाई शे," निंबाने शेठच्या सासूचं नाव काढलं. "जवाई सासूले बाजारमा इकी का?"

"काहीतरीच! नाव यानीच इकी टाकं," बन्सीलालने अभिमनकडे बोट केलं.

लोटनने डोळा मारला. "भागाबाई कोण शे, ते इचारा ना पहिले!"

ओटा हसला. अभिमनने हातातला फासा नालीत भिरकावला.

"मनी आत्या शे ती! हाऊ खेळ तिना शे. आते हसा!"

कोणी हसलं नाही. माफीही कोणी मागितली नाही. निंबाने सुईत दोरा ओवत विचारलं, "मंग पट्टी कोरी कसाले सोडी?"

अभिमनने जळगावची एस.टी. धरली.

"बाईमाणसाच्या नावाचा खेळ कोण घेईल, अभिमनराव?" शेठ शांतपणे म्हणाले. "तुम्ही जागा रिकामी ठेवली, मी भरली. त्यात चोरी कसली? ते सोडा, आता कापसाचा खेळ करू. चित्र आणा."

"आणतो."

पुढच्या खेपेला आणला तो पांढराफेक पत्रा. वरच्या पट्टीत लाल अक्षरं, काळी सावली: 'भागाबाईची वाट'. खाली काही नाही.

"चित्र कुठंय?"

"जागा सोडलीय. पहिल्या खेळाच्या डब्यावर हे नाव छापा, मग भरतो."

शेठना हसू आलं. "डबे संपत आलेत, नवे निघतायत. त्याच नावाने."

अभिमन पत्रा काखेत मारून शेठच्या पेढीची पायरी उतरला. कापसाचा खेळ झाला नाही. पत्रा निंबाच्या ओट्यावर ठोकला गेला. खाली डाव 'बनाना किंग'चाच पडतो. आत्याकडे तो अजून डबा घेऊन गेलेला नाही.

पाटीला मात्र आता तो नाव आधी घालतो. मुहूर्ताची गोष्ट काढणाऱ्या मालकाला म्हणतो, "नाव ठरवून या. नाहीतर दुसरा पेंटर बघा."