जुना रस्ता आधी पुसला

नववीत शाळा सोडून कोकणातून वाशीमला आलो, तेव्हा मला ठेवून घेणारे एकटे दादाच. त्यांचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान होतं. लिनक्स, म्हणजे विंडोजसारखी कॉम्प्युटर चालवायची प्रणाली, तीही त्यांनीच शिकवली. ते उपकार मी आजही मानतो, म्हणूनच हे लिहिताना हात अडखळतो.

शेलूबाजारला आमची शाखा होती. तिथले सगळे कॉम्प्युटर एका लिनक्स मशीनमधून नेटवर जायचे. इंटरनेटची नवी लाइन आली होती, म्हणून त्या मशीनला नवा गेटवे, म्हणजे बाहेर पडायच्या दाराचा पत्ता, द्यायचा होता. मी वाशीमला बसून जुन्या लाइनवरून त्यात शिरलो होतो. त्या दिवशी आयटीआयच्या फॉर्मची शेवटची मुदत, पाच वाजेपर्यंत.

"पयले जुना पुस, मंग नवा टाक," दादा म्हणाले.

मी पुसला. स्क्रीन गोठली. ज्या वाटेनं आत गेलो होतो, तीच मी पुसली होती.

"काहून बे कोकण्या, आता पोहत जातं काय?" दादा टाळ्या पिटून हसले. गिऱ्हाईकंही हसली.

तेवढ्यात शाखेतल्या ताईंचा फोन. "दादा, पोरापोरींची लाइन लागली इथं. मशीन बंद-चालू करून पाहू का?"

"हात लावू नका. आमचा इंजिनियर येऊन राह्यला."

जीप प्रत्येक फाट्यावर थांबत होती. पोचलो तेव्हा पाचला दहा कमी. एक ओळ टाइप केली, नवा पत्ता दिला, नेट आलं. तिघांचे फॉर्म गेले. चौथी मुलगी आईबरोबर आली होती. तिचा फोटो चढता चढता पाच वाजले.

ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आई मला म्हणाली, "तू तरी काय करशील, बाप्पा? इतक्या दुरून धावत आला." पिशवीतल्या शेंगा तिनं माझ्या हातावर ठेवल्या. मी तिथंच बसून खाल्ल्या.

परत आलो तर दादा म्हणाले, "शिकला ना? नवा पयले, जुना मंग. अन् तू पुसलं ते सेव्ह कुठं झालं होतं? मशीन नुसतं बंद-चालू केलं असतं, तरी जुना रस्ता आपोआप आला असता."

"मग ताईंना का नाही सांगितलंत?"

"मंग तू शिकला असता काय?"

"नाही, दादा," म्हणालो. "उपकार झाले."

पुढच्या वर्षी फॉर्म सुरू झाले, तेव्हा मी मुद्दाम शेलूबाजारचं काम मागून घेतलं. शेवटच्या दिवशी पाच वाजेपर्यंत रांगेत ती मुलगी शोधत होतो. आली नाही.